शिडाच्या बोटीच्या ट्रिपच्या नावाखाली आमचे ९६ हजार गेले, सोलापूरकरांनो हे वाचा

मी जुळे सोलापूरला राहतो, हायस्कूलवर भूगोल शिकवतो. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा इतक्या वर्षांत किती वेळा शिकवला त्याला हिशोब नाही, फळ्यावर बाण काढायचे, दिवसा समुद्रावरनं जमिनीकडं, रात्री जमिनीवरनं समुद्राकडं. पण आपल्याकडं पाणी म्हणजे उजनी, नाहीतर कंबर तलाव. तो वारा एकदा तरी अंगावर घ्यावा, त्याच्यावर चालणाऱ्या बोटीत बसावं ही माझी लई जुनी इच्छा, आणि ह्याच इच्छेवर त्या माणसानं बरोबर बोट ठेवलं.

ओळखीच्याच एका ट्रेकिंगच्या ग्रुपवर मेसेज आला होता. मुंबई ते मालवण आणि परत, ३६ फुटी शिडाची बोट, फक्त ४ जण, सोबत कॅप्टन आणि एक खलाशी, ६ दिवस, रात्री बंदरात मुक्काम, खर्च वाटून. मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी नावं होती आणि खाली "टूर कंपनी नाही, आपली हौस आहे" असं लिहिलेलं. मी, माझा चुलत भाऊ आणि दोन मित्र, त्यातला एक बँकेतनं रिटायर झालेला, असे चौघं तयार झालो.

फोनवर तो माणूस इतकं छान बोलायचा की शंका यायला जागाच नाही. मला "सर" म्हणायचा, पोरांना काय शिकवता विचारायचा, शीड कसं उतरवतात, नांगर टाकल्यावर दोर किती सोडायचा, जयगडच्या खाडीत का निवारा मिळतो, सगळं सांगायचा. व्हॉइस नोट पाठवायचा त्यात मागं वाऱ्याचा आवाज, दोर डोलकाठीवर आपटल्याचा आवाज, मी त्या नोटा वर्गात पोरांना ऐकवल्या, हे आठवलं की आजही जीव कसानुसा होतो. पोरं विचारत होती सर आम्हाला फोटो दाखवा आल्यावर.

पैसे तीनदा गेले. पहिल्यांदा ॲडव्हान्स १५ हजार प्रत्येकी, म्हणजे ६०. मग निघायच्या दहा दिवस आधी "परवानगी आणि विमा" म्हणून साडेसहा हजार प्रत्येकी, ते २६. त्याची पीडीएफ पाठवली, वर शिक्का, खाली सही, बंदराचा लोगो. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव वेगळंच आलं, बँकवाल्या मित्रानं लगेच विचारलं, तर म्हणाला माझ्या भावजीचं खातं आहे, बोट त्यांच्या नावावर आहे. आमचा मित्र गप्प बसला कारण बाकी तिघं खुशीत होतो, आणि त्याला ती खुशी मोडायची नव्हती. तो आजही म्हणतो मी तिथंच अडवायला पाहिजे होतं, पण दोष त्याचा नाही, आम्ही त्याचं ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हतो. तिसऱ्यांदा निघायच्या आदल्या दिवशी रात्री डिझेलचे १० हजार, इंजिन पण लागतं म्हणून, अर्जंट.

डिसेंबरातला दुसरा आठवडा. वहिनींनी कडक भाकरी केल्या, चाळीस, पांढऱ्या फडक्यात बांधून दिल्या, बोटीवर चूल नसली तरी पोट भरंल म्हणून, सोबत शेंगाचटणीचा डबा. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या सिद्धेश्वरनं निघालो, सकाळी मुंबई, गेटवेवरनं लाँच पकडून तासाभरात मांडवा. तिथं जेट्टीवर भेटतो म्हणाला होता. अकरा वाजेपर्यंत फोन लागत होता पण उचलत नव्हता, मग बंद.

जेट्टीपाशी एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, जाळं सावरत बसले होते. त्यांनी आमचं सामान बघितलं, भाकरीचं गाठोडं बघितलं, आणि विचारलं कुठं निघालात मास्तर. मी मोबाईल दिला. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बोटीच्या मागच्या बाजूला नेला, जिथं आम्ही एकदाही बघितलं नव्हतं. म्हणाले, "बोटीचं नाव आन बंदराचं नाव मागं लिवतात, ह्यात मुद्दाम पुसलंय बगा." खरंच तिथं एक पांढरा धूसर पट्टा होता, बाकीचा फोटो मात्र काचेसारखा स्वच्छ. मग विचारलं बोटीचा नंबर काय. आमच्याकडं नंबरच नव्हता. एवढे पैसे दिले आणि बोटीचं नाव विचारलं नव्हतं चौघांपैकी एकानंही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला, भूगोलाच्या मास्तरला, घरी बसून कळायला हवं होतं. मुंबई ते मालवण समुद्रानं साधारण पावणेदोनशे नॉटिकल मैल. अशी बोट तासाला ५ मैल धरा, सलग गेलं तर दीड दिवस, पण रात्री बंदरात थांबायचं म्हणजे रोज ३५-४० मैल, जायलाच पाच दिवस लागले. आणि येताना? ह्या दिवसांत दुपारनंतर वारा वायव्येकडनं येतो, जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. शीड वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालत नाही, नागमोडी काढावं लागतं, अंतर वाढतं. सहा दिवसांत मुक्काम करत जाऊन परत यायचं हे शिडावर बसतच नाही. तो माणूस सहा दिवस म्हणाला कारण आम्हाला सुट्टी सहा दिवसांची होती, मीच त्याला पहिल्या फोनवर सांगितलं होतं.

तिथूनच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन, नंबर पाठ करून ठेवा. शेवटचे १० हजार दोनच रात्रींपूर्वीचे होते, ते पुढच्या खात्यात होल्ड झाले, मधल्या आणि पहिल्या पैशांचा माग केव्हाच पुढं गेला होता. सोलापूरला परत येऊन सायबरला रीतसर तक्रार दिली, स्क्रीनशॉट, व्हॉइस नोट, ट्रान्झॅक्शन नंबर सगळं जोडलं. मेसेज डिलीट करू नका, राग आला तरी, आमच्यातल्या एकानं तिथं मांडव्यालाच चॅट पुसून टाकलं होतं आणि त्याच्या पेमेंटचा पुरावा जमवायला नंतर बँकेत दोन खेपा घालाव्या लागल्या.

कुणाला खरंच असं जायचं असलं तर जा, समुद्र काही वाईट नाही. पण आधी बोटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि ती आत्ता कुठं उभी आहे हे विचारा, आणि त्या बंदरात एकदा जाऊन बोट डोळ्यांनी बघा, मग पैसे. कोकणात ओळख नसली तर जेट्टीवर कुणालाही विचारा, तिथली माणसं पाच मिनिटांत सांगतात बोट आहे का नाही. पावसाळ्यात जूनपासनं कुणी शिडाची ट्रिप विकायला लागला तर विचारायचीही गरज नाही, त्या खवळलेल्या समुद्रात ती फसवणूकच समजा. परवानगीची पीडीएफ आली तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर ऑफिसात दाखवून घ्या.

भाकरीचं गाठोडं मी त्या तांडेलांना दिलं. नको म्हणत होते, मग अर्ध्या ठेवून घेतल्या आणि अर्ध्या परत बांधून दिल्या, गाडीत खा म्हणाले.

हे लिहायचं कारण म्हणजे परवा भाच्यानं पुण्याच्या एका ग्रुपवरचा मेसेज पाठवला. नंबर नवा, नाव नवं, ह्यावेळी गोवा. फोटो तोच, मागं तोच पांढरा पट्टा. मेसेजची सुरुवात अशी आहे, "टूर कंपनी नाही, आपली हौस आहे, फक्त ४ जागा."