‘द अपार्टमेंट’ की ‘क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’: आधी कोणता पाहावा?

विवाहबाह्य संबंध, त्यातले नैतिक पेच आणि तरीही हसवणारा सिनेमा हवा असेल, तर निवड बऱ्याचदा या दोघांत होते: बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०, कृष्णधवल, १२५ मिनिटं) आणि वुडी ॲलनचा ‘क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ (१९८९, १०४ मिनिटं).

वाइल्डरकडे हसू आणि कळ एकाच दृश्यात येतात. विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर (जॅक लेमन) साहेबलोकांना त्यांच्या भानगडींसाठी स्वतःच्या घराची चावी देतो आणि बढती पदरात पाडून घेतो. ऑफिसातल्या ख्रिसमस पार्टीत तो नव्या हॅटचा तोरा मिरवत असतो. ती कशी दिसते हे पाहायला लिफ्ट चालवणारी फ्रॅन (शर्ली मॅक्लेन) त्याला आपला छोटा आरसा देते. आरशाला तडा गेलेला. असाच आरसा त्याला घरी सापडलेला असतो आणि त्याने तो मोठ्या साहेबाला, शेल्ड्रेकला, परत केलेला असतो. संवाद जेमतेम एक-दोन ओळींचा, पण लेमनचा चेहरा खर्रकन उतरतो. प्रेक्षकाला फ्रॅनचं गुपित आधीच ठाऊक असतं, म्हणून हा क्षण जास्त लागतो. हलकीफुलकी प्रेमकथा समजून मात्र बसू नका; मध्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे.

ॲलन दोन कथा वेगळ्या ठेवतो. नेत्रतज्ज्ञ ज्यूडाची (मार्टिन लँडाऊ) प्रेयसी त्याच्या बायकोला सगळं सांगायची धमकी देते. तो भावाच्या मदतीने भयंकर मार्ग निवडतो. दुसरीकडे माहितीपट बनवणारा क्लिफ (स्वतः ॲलन) लग्न मोडकळीला आलेलं असताना दुसरीच्या प्रेमात पडतो. विनोद बहुतेक क्लिफच्या वाट्याला. त्यामुळे कॉमेडी म्हणून लावणारे ज्यूडाच्या भागात गोंधळतात. पण सिनेमाचा गाभा तिथेच आहे: लहानपणीच्या घरात उभा राहून ज्यूडा जेवणाच्या टेबलावरचा जुना वाद पुन्हा ऐकतो. पाप करणाऱ्याला शिक्षा होतेच, असं वडील म्हणतात. आत्या ते साफ उडवून लावते.

माणूस सुधारू शकतो यावर विश्वास ठेवून उठायचं असेल तर वाइल्डर. बरोबरच्याशी रात्री उशिरापर्यंत वाद घालायचा असेल तर ॲलन. दोन्ही पाहणार असाल तर आधी ‘द अपार्टमेंट’च, तिथे न्यायाची सवय लागते, म्हणून ज्यूडाची गोष्ट अधिक बोचते. आणि क्लिफचे भाग पळवत पुढे जाऊ नका. शेवटच्या लग्नसमारंभात तो आणि ज्यूडा बोलायला बसतात, तेव्हा दोघांचीही हकीकत माहीत असावी लागते.