छातीवरचा हार्ट रेट बेल्ट : नाशिकच्या एका हिवाळ्यानंतर

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला, मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झाली आणि मी छातीवर बांधायचा हार्ट रेट बेल्ट घेतला. आता मार्च लागलाय. मध्ये पूर्ण हिवाळा, साधारण हजार किलोमीटर आणि ४२.१९५ किलोमीटरची एक शर्यत झाली. एवढ्या वापरानंतर लिहायला हरकत नाही. माझ्या बेल्टमध्ये एक दोष निघाला, पण तो माझ्याच नगापुरता असू शकतो, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. बाकी जे लिहिते आहे ते कुठल्याही चांगल्या बेल्टला लागू पडेल.

मी ४३ वर्षांची आहे, नोकरी करते आणि सहा वर्षांपासून पळते. मनगटावरच्या घड्याळात हार्ट रेट दिसतोच, मग साडेसहा हजार आणखी कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. मलाही तसंच वाटत होतं. ते बदललं मागच्या वर्षीच्या जानेवारीत. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कडाक्याच्या थंडीत मी अगदी आरामात पळत होते, शेजारच्या मैत्रिणीशी गप्पा चालू होत्या आणि घड्याळ १७२ दाखवत होतं. नंतर आकडे पाहिले तर माझी पावलंही मिनिटाला १७२ पडत होती. घड्याळ हृदय सोडून पावलं मोजत होतं.

याचं कारण नंतर समजलं. मनगटावरचं घड्याळ कातडीत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर तो किती परत येतो यावरून ठोके ओळखतं. थंडीत शरीर हातापायांच्या कातडीतलं रक्त आत ओढून घेतं, त्यामुळे मूळ खूणच क्षीण होते. त्यात हात हलत असतात, म्हणून घड्याळाला पावलांची लय सापडते आणि ते तीच धरून बसतं. छातीवरचा बेल्ट हृदयातून निघणारा विजेचा संकेत घेतो, ईसीजी काढतात तसाच. अशा बिनतारी बेल्टचा जन्मही थंड मुलखातलाच. स्कीइंगच्या खेळाडूंचे ठोके मोजता यावेत म्हणून फिनलंडमध्ये यावर काम झालं आणि १९८२ साली पहिलं यंत्र बाजारात आलं.

पण थंडीत बेल्टही लगेच ताळ्यावर येत नाही, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरअखेर पहाटेचा पारा १२ च्या खाली गेल्यावर माझ्या प्रत्येक रनची पहिली दहा मिनिटं वेडीवाकडी यायला लागली. उभी असताना १९५, मग एकदम ८०, मग परत २०८. बेल्टच्या आतल्या रबरी पट्ट्यांना ओलावा लागतो, आणि नाशिकच्या कोरड्या हवेत घाम सुटायला वेळ लागतो. वरून नायलॉनचा टी-शर्ट अंगाला घासून चटचट वीज तयार होते, तीही आकड्यांमध्ये घुसते. उपाय सोपा निघाला. पाण्याने पट्ट्या भिजवल्या तर गंगापूर धरणाच्या रस्त्यापर्यंत पोचेतो सुकतात, म्हणून मी औषधाच्या दुकानातून ईसीजीची जेली आणली आणि दोन्ही पट्ट्यांना बोटाने पातळ फासायला लागले. पहिल्या मिनिटापासून आकडा शहाण्यासारखा वागू लागला. नळाच्या गार पाण्याचा तो पहाटेचा चटकाही वाचला.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण यंत्राबरोबर आलेल्या कागदावर ती नसते. बेल्ट स्पोर्ट्स ब्राच्या इलॅस्टिकच्या बरोबर खाली बसवायचा, इलॅस्टिकच्या आत नाही. आत गेला की इलॅस्टिक आणि बेल्ट दोन्हींचा दाब एकाच रेषेवर येतो आणि २० किलोमीटरनंतर तिथे कातडी सोलवटते. मला ती जखम दोन आठवडे पुरली. आता त्या रेषेवर आधी व्हॅसलीन लावते, फक्त रबरी पट्ट्यांची जागा सोडून. तिथे व्हॅसलीन लागलं तर संकेतच येत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझा झोपेतून उठल्यावरचा हार्ट रेट तीन-चार ठोक्यांनी वर असतो, हेही बेल्टमुळेच दिसलं. पूर्वी त्या दिवसांत पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) मंदावला की तयारी बिघडली असं वाटून मी जास्त जोर लावायचे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते.

२२० मधून वय वजा केलं की कमाल हार्ट रेट मिळतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझा त्या हिशेबाने १७७ येतो. ऑक्टोबरमध्ये पांडवलेणीच्या पायऱ्यांवर शेवटच्या चढाला बेल्टने १८८ दाखवले, आणि पुढच्या आठवड्यात परत तेवढेच. म्हणजे सूत्रात आणि माझ्यात ११ ठोक्यांचा फरक. खरा आकडा धरून हिशेब केला तर माझ्या आरामाच्या रनची वरची हद्द १४० च्या आसपास येते. मग मी माझा नेहमीचा ‘इझी’ रन बेल्ट बांधून पळून पाहिला. सव्वासहाचा पेस, गंगापूर रोड, सरासरी १५८.

१५८ हा माझा मॅरेथॉनचा हार्ट रेट आहे. सहा वर्षं मी दर बुधवारी आणि शनिवारी, विश्रांतीचा रन समजून, शर्यतीच्या श्रमाने पळत होते. गुरुवारच्या टेम्पोला, म्हणजे जोरात पळायच्या सरावाला, पाय का उठत नाहीत आणि दर फेब्रुवारीत पोटरी का धरते, याचं उत्तर त्या एका आकड्यात होतं. मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

१४० च्या आत राहायचं तर सुरुवातीला किलोमीटरला साडेसात मिनिटं लागत होती. चढ आला की चालावं लागायचं. गोदापार्कवर रोज दिसणारे एक काका एकदा थांबले आणि म्हणाले, “ताई, बरं नाहीये का? हळू झालात.” मी बेल्टबद्दल सांगितलं, त्यांना ते पटलं नाही. मला मात्र धीर मिळाला तो वेगळ्याच ठिकाणाहून. त्र्यंबक रोडला कधीकधी पाड्यांवरून आलेल्या, शहरात राहून सराव करणाऱ्या मुली दिसतात. इथल्याच धावपटू कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींना हा रस्ता दिसला. या मुली टेम्पोच्या दिवशी माझ्या शेजारून वाऱ्यासारख्या जातात. पण त्यांचा सैल दिवस असेल तेव्हा त्या इतक्या सावकाश, हसत-बोलत पळतात की मी त्यांच्या मागे आरामात राहू शकते. मी हे वर्षानुवर्षं पाहत होते, त्याचा अर्थ मात्र आत्ता लागला.

डिसेंबरचा तिसरा आठवडा, शर्यतीला चार आठवडे बाकी, हा माझा सगळ्यात जड आठवडा होता. पारा ९-१० वर होता आणि निफाडला त्याहून खाली. सोमवारी सुट्टी. मंगळवारी पांडवलेणी: गाडी पायथ्याशी लावायची, तीन किलोमीटर अंग गरम करायचं, मग अर्ध्या पायऱ्यांपर्यंत पळत वर आणि चालत खाली, आठ वेळा. इथे बेल्टचा उपयोग वर चढताना होत नाही, कारण चढ संपतो तेव्हा कुठे आकडा वर पोचलेला असतो. हृदय श्रमाच्या मागून येतं. उपयोग उतरताना होतो. ठोके १२० च्या खाली आले की पुढचा चढ. सहाव्या चढानंतर ते १२० वर यायला आधीच्या दुप्पट वेळ लागला, तेव्हा मी आठाऐवजी सातावर थांबले. पूर्वी थांबले नसते.

बुधवारी १० किलोमीटर, १४० च्या आत. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि तो तसाच व्हायला हवा होता.

गुरुवारचा टेम्पो मखमलाबादच्या बाजूला होता. थंडी एवढी वाढली की द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. पहाटे गार हवा जमिनीलगत बसलेली असते आणि धूर तिच्यातच अडकून राहतो. दोन किलोमीटरमध्ये घसा धरला. माझा टेम्पो १६५ ते १६८ वर असतो, तो पेस न वाढताच १७२ झाला. थांबले. बांधावर शेकत बसलेल्या एका शेतकऱ्याने हाक मारली, “ताई, या धुरात कशाला पळता? बसा, चहा घ्या.” त्यांच्याकडे चहा घेतला. ते तीन रात्री झोपले नव्हते. टेम्पो मी शुक्रवारी संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर केला, गर्दीतून वाट काढत. शनिवारी सहा किलोमीटर फिरल्यासारखे.

रविवारी ३० किलोमीटर. पहाटे पाचला गंगापूर नाक्यावर आम्ही पाच जण जमलो आणि त्र्यंबक रोडने महिरावणीच्या पुढे जाऊन वळलो. जाताना रस्ता हळूहळू चढतो, डोळ्यांना कळत नाही, पण बेल्टवर चार-पाच ठोके वर दिसतात. २२ व्या किलोमीटरपर्यंत सगळं १४५ च्या आसपास होतं. मग पेस तोच असताना आकडा चढायला लागला, १५०, १५४, २६ व्याला १५८. पाय ठीक होते, श्वास ठीक होता. बाटलीकडे पाहिलं तेव्हा लक्षात आलं, तोवर मी जेमतेम दीडशे मिली पाणी प्यायले होते. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासातून आणि घामातून पाणी जातच असतं. रक्तातलं पाणी कमी झालं की प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं आणि हृदय ठोके वाढवून ती भरपाई करतं. पुढच्या लाँग रनपासून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घड्याळात गजर लावून दर २० मिनिटांना प्यायला लागले. चढण उरली, पण १३ ठोक्यांची पाचांवर आली. त्या रविवारी परत आल्यावर मिसळीबरोबर तीन पाव खाल्ले, ते मात्र न मोजता.

दोष निघाला तो त्याच्याच पुढच्या आठवड्यात. सेलच्या झाकणाखालचं रबरी कडं नीट बसत नव्हतं, घाम आत गेला आणि पॉड, म्हणजे पट्ट्यावर बसवायचं छोटं यंत्र, बंद पडला. सेल बदलून पाहिला, वाळवून पाहिला, काही झालं नाही. सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत बदलून दिला, पण तीन आठवडे लावले आणि तेही ऐन तयारीच्या काळात. दोन वेळा फोनवर “मॅडम, उद्या निघेल” असं सांगितलं गेलं. याचा मला राग आहे. शर्यतीसाठी घेणार असाल तर निदान दोन महिने आधी घ्या, आणि घेतल्या दिवशी झाकण उघडून ते कडं तपासा.

त्या तीन आठवड्यांत एक चांगली गोष्ट कळली. बेल्ट नसताना पळालेल्या एका इझी रनला मी मैत्रिणीचा बेल्ट तिच्याकडून मागून घेऊन शेवटच्या तीन किलोमीटरला बांधला, आधी मनात १३८ धरून. आकडा १३९ आला. संक्रांतीच्या त्या दिवसांत मी आतल्या रस्त्यांवर पळत नाही. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो गळ्याच्या उंचीवर लोंबताना मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा धरणाच्या रस्त्यावर होते आणि तो रन अजून डोळ्यांसमोर आहे.

नवा पॉड शर्यतीच्या चार दिवस आधी मिळाला. जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई. नाशिकच्या १० अंशांत साडेसहाच्या पेसला माझा हार्ट रेट १५० असतो. मरीन ड्राइव्हवर तेवढ्याच पेसला १५७ होता आणि हाजी अलीच्या आधीच १६१. हवा दमट, घाम वाळतच नव्हता. आमच्यासारख्या कोरड्या थंडीत सराव करणाऱ्यांची फसगत इथेच होते. पाय नाशिकचा पेस मागतात आणि हृदयाला मुंबईची हवा सोसावी लागते. मी १५८ ची हद्द धरली आणि पेस पावणेसातपर्यंत सोडला. परतीच्या पेडर रोडच्या चढावर कितीतरी जण चालत होते, मी पळत होते. ४ तास ४१ मिनिटं. आधीच्या वर्षीपेक्षा २३ मिनिटं कमी.

देखभालीचं थोडं. पळून आल्यावर पॉड लगेच काढायचा, ओल्या पट्ट्यावर राहिला तर तो चालूच समजतो आणि सेल संपतो. पट्टा साध्या पाण्याने रोज, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने. सेल सीआर २०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. पाच महिन्यांत इलॅस्टिक सैल झालं आहे, २५ किलोमीटरनंतर बेल्ट खाली सरकतो. नुसता पट्टा वेगळा विकत मिळतो, तो मागवून घेतला.

ज्यांना आठवड्यात दोन-तीनदा पाच किलोमीटर पळायचं आहे त्यांनी यात पैसे घालू नयेत. पळताना पूर्ण वाक्य बोलता येतं का एवढं पाहिलं तरी पुरे. पण हाफ मॅरेथॉनच्या पुढे जायचं असेल, आणि विशेषतः दरवर्षी मोसमाच्या शेवटी काहीतरी दुखतंच असं असेल, तर घ्या. १४० ला माझा पेस नोव्हेंबरमध्ये साडेसात होता, फेब्रुवारीअखेर सहा-पंचावन्न. दोन्ही वेळा पहाटेची हवा सारखीच होती, १४-१५ अंश, म्हणून हे श्रेय मी थंडीला देत नाही.

जुना पट्टा मी धुऊन ठेवला होता. गेल्या रविवारी नणंद म्हणाली तिलाही पळायचंय, म्हणून तिला तो घट्ट बांधून कृषीनगरच्या ट्रॅकवर नेलं. पहिल्याच फेरीला १६६.

“वहिनी, हद्दीत राहायचं म्हणजे मला चालावंच लागेल.”

“मग चाल,” म्हटलं आणि तिच्याबरोबर चालायला लागले.