स्टिकरखाली निघाले ३० लिटर: ओव्हन खरेदीतली फसवणूक

ओटीजी, म्हणजे केक-पाव भाजायचा छोटा विजेचा ओव्हन, घ्यायचा विचार असेल तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं वाचा. नाशिकमधल्या एका दुकानाने आम्हाला ४५ लिटर, २००० वॅट आणि कन्व्हेक्शनचा, म्हणजे आत गरम हवा फिरवणाऱ्या पंख्याचा, म्हणून ओव्हन विकला. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. ते उघडकीला येईपर्यंत दोष लागत राहिला तो माझ्या हाताला, आणि याचाच मला जास्त राग आहे.

नानकटाई ट्रेवर पसरून पापडासारखी व्हायची. आच पुरेशी नसली की पीठ धरायच्या आत तूप वितळतं, म्हणून ती पसरते. केक कडेने फुगायचा आणि मधोमध बसायचा. पावाला रंगच चढत नव्हता. दुकानात फोन केला की उत्तर ठरलेलं: "ताई, पीठ सैल झालं असेल", "तूप जास्त पडलं असेल", "प्रीहीट नीट होत नसेल". इतक्या वर्षांचा स्वयंपाक गाठीशी असलेल्या बाईलाही असं ऐकून ऐकून स्वतःबद्दल शंका यायला लागते, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. शेवटी केकचं एकच मिश्रण दोन डब्यांत घातलं. एक डबा आमच्या ओव्हनमध्ये ठेवला, दुसरा नणंदेच्या. तिच्याकडचा केक १८० अंशांवर छान फुलला, आमचा चिकट राहिला. पाककृतीचा प्रश्न तिथेच मिटला.

मग साखरेची परीक्षा घेतली. साधी साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालायची, ओव्हन नीट तापवून घ्यायचा आणि वाटी मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवायची. नॉब १७५ वर असताना ती कोरडी राहायला हवी, १९० वर वितळायला हवी. आमचा नॉब २०० वर होता तरी दाणा न् दाणा सुटा होता.

हे सांगितल्यावर दुकानाने 'कंपनीचा माणूस' पाठवला. त्याने नॉब उपटला, आतल्या दांडीच्या चपट्या बाजूला कागदाची घडी कोंबली, नॉब थोडा फिरवून परत दाबून बसवला आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट बदललाय, आता बघा." मी शेजारीच उभी होते. त्याच्या पिशवीतून एकही सुटा भाग बाहेर आला नव्हता. तरी नव्या थर्मोस्टॅटचे आणि व्हिजिटचे मिळून १४५० रुपये यूपीआयने घेतले. पावती मागितली तर "दुकानातून मिळेल" म्हणाला.

त्यानंतर मी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. काही शे रुपयांत मिळतो आणि माझ्या मते ओव्हनबरोबरच घ्यायला हवा. नॉब २०० वर ठेवला, तर काटा हळूहळू १७० पर्यंत चढला आणि तिथेच थांबला. दोन्ही रॉड सतत लाल, दिवा विझायचं नाव नाही. चांगल्या ओव्हनमध्ये ठरलेली उष्णता आली की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, निवलं की पुन्हा चालू करतो. त्यामुळे काटा दहा-पंधरा अंश खालीवर होणारच, त्याला फसवणूक म्हणू नका. पण दिवा विझतच नसेल, तर ओव्हन त्या आकड्यापर्यंत पोचतच नाही.

मग वॅट मोजले. आमच्या वीजमीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलंय, म्हणजे एका युनिटमागे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करून, रॉड लाल असताना एक मिनिट मोजायचं. २००० वॅटला मिनिटाला १०७ च्या आसपास लुकलुक व्हायला हवी. झाली ६४. म्हणजे १२०० वॅट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, तो पाहून हिशेब करा.

खरं तर हे दुकानातच कळण्यासारखं होतं, कारण ओव्हनला बारीक, ६ अँपिअरचा प्लग होता. २००० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतं, त्याला जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग लागतो. वायर आणि प्लग बघूनच विकणाऱ्याचं बोलणं पडताळता येतं.

लिटरचंही तसंच. आतली रुंदी ३८, खोली ३२, उंची २४ सेंटिमीटर. गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर येतात: २९. शिवणाची टेप पर्समध्ये मावते, दुकानात बिनधास्त काढा. कन्व्हेक्शन म्हणून विक्रेत्याने नॉबवरचं जे चिन्ह दाखवलं होतं, ते चिकन फिरवायच्या सळईचं होतं, आणि घरघर होती तिच्या मोटरची. खरा पंखा आतल्या भिंतीवरच्या जाळीमागे असतो. टॉर्च मारला की पाती दिसतात.

ओव्हन पालथा केल्यावर मागच्या माहितीपट्टीवर चंदेरी स्टिकर दिसलं, एका कोपऱ्यात जरा उचललेलं. नखाने सोललं. खाली कारखान्याची मूळ छपाई होती: ३० लिटर, १२०० वॅट. खोक्यावरही त्याच मापाचं स्टिकर. आयएसआयची खूण छापली होती, पण तिच्याखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक नव्हता. तो असेल तर बीआयएसच्या, म्हणजे ही खूण देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या, बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा ते तपासता येतं.

बिलावर नुसतं 'इलेक्ट्रिक ओव्हन' लिहिलं होतं. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. असलं कच्चं बिल घेऊ नका. जीएसटी बिलावर मॉडेल, लिटर आणि वॅट लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का घ्या. दुकानदार लिहून द्यायला कां कूं करू लागला, तर तिथूनच परत फिरा. आमच्या बाजूने उभे राहिले ते यूपीआयचे व्यवहार, विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला '४५ लिटर, २००० वॅट, कन्व्हेक्शन' हा मेसेज आणि स्टिकर सोलतानाचा व्हिडिओ.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस दिली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. नोटीस पोचल्यावर दुकानाने ओव्हन परत नेला आणि त्याची पूर्ण रक्कम खात्यात भरली. थर्मोस्टॅटचे १४५० मात्र "तो माणूस आमचा नाही" म्हणून नाकारले. त्याला पाठवल्याचा मेसेज दुकानाच्याच नंबरवरून आला होता. तो जोडून आता आयोगाकडे द्यायचा अर्ज तयार केला आहे.