सभागृहात हाणामारी: निलंबन की पोलीस केस?

निलंबन लगेच होतं हा त्याचा मोठा फायदा. 2009 ला शपथविधीच्या वेळी अबू आझमींना मारहाण झाली आणि मनसेच्या 4 आमदारांना त्याच दिवशी 4 वर्षांसाठी बाहेर काढलं. पण ते टिकलं कुठे, मुदतीच्या आधीच मागे घेतलं. आणि 2022 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने 12 भाजप आमदारांचं 1 वर्षाचं निलंबन रद्द करताना सांगितलं की अधिवेशनापलीकडे निलंबन चालणार नाही, कारण मतदारसंघच प्रतिनिधीविना राहतो, आणि हे मला पटतं.

मग केस? केरळात मार्च 2015 ला बजेटच्या दिवशी तेव्हा विरोधात असलेल्या डाव्या आघाडीच्या आमदारांनी अध्यक्षांची खुर्ची फेकली, माईक तोडले, 2 लाखांवर नुकसान. नंतर त्यांचंच सरकार आलं आणि केस मागे घ्यायला निघालं, पण 2021 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की तोडफोडीला विशेषाधिकाराचं (सभागृहातल्या कामासाठी आमदारांना मिळणाऱ्या खास सवलतीचं) संरक्षण नाही. वेळ खूप लागतो, मान्य, आरोपींपैकी एकजण तोपर्यंत शिक्षणमंत्री झालेले. तरी माझं मत केसलाच, कारण निलंबन बहुमतवाल्यांच्या हातात असतं, विरोधकांवर पटकन पडतं आणि स्वतःच्या माणसावर क्वचितच.