ढेकराची चाचणी, आम्लाच्या कॅप्सूल आणि ‘मुळापासून इलाज’

छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी येण्याने वैतागलेल्या माणसाकडून पैसे उकळण्याची एक ठरलेली पद्धत आहे. चूर्णाचं नाव बदलतं, डबीचा रंग बदलतो. पद्धत तीच राहते.

सुरुवात फुकटच्या सल्ल्याने होते. ‘तुमच्या पोटात आम्ल जास्त नाही, उलट कमी आहे.’ पाठोपाठ घरी करायची चाचणी येते. सकाळी उपाशीपोटी अर्धा पेला पाण्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून प्यायचा आणि घड्याळ बघत बसायचं. ५ मिनिटांत ढेकर आला नाही, की आम्ल कमी!

हे पटतं, कारण त्यात अर्धं खरं आहे. सोडा आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पण ढेकर कधी येईल हे पाण्यासोबत किती हवा गिळली, जठर किती लवकर रिकामं झालं, यावरही ठरतं. काहींना ढेकर सहज येतच नाही. एकाच माणसाला दोन दिवशी दोन उत्तरं मिळू शकतात. शिवाय रिफ्लक्समध्ये, म्हणजे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या या त्रासात, मुख्य बिघाड असतो तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या झडपेत. ती नको तेव्हा सैल पडते. जठराला आम्लापासून वाचवणारं जाड अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं, म्हणून थोडंसं आम्ल वर आलं तरी आग होते. ते खरोखर मोजायचं तर नाकातून घातलेल्या बारीक नळीने किंवा अन्ननलिकेत बसवलेल्या सेन्सरने निदान २४ तास नोंद घेतात.

चाचणीत ‘नापास’ झालेल्याला मग बीटेन हायड्रोक्लोराइडच्या कॅप्सूल विकतात, म्हणजे आम्लच. जोडीला रोज व्हिनेगर. जळजळ वाढली की सांगतात, ‘शरीर शुद्ध होतंय, थांबू नका.’ आणि त्या जळजळीसाठी दुसरी डबी तयारच असते: काही मिनिटांत थंड करणारं ‘नैसर्गिक’ चूर्ण.

हा झटपट आरामच खरा गळ आहे. अशा चूर्णात बऱ्याचदा सोडा असतो. घरी पाहता येतं: वाटीत चिमूटभर चूर्ण घ्या, त्यावर २ चमचे पांढरं व्हिनेगर ओता. लगेच फसफसून फेस आला तर आत सोडा किंवा दुसरा कार्बोनेट आहे. फेस नाही आला, तरी तेवढ्यावर चूर्ण निर्धोक ठरत नाही. ज्येष्ठमध असेल तर ते फसफसत नाही, पण जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

सोड्याचं प्रमाण हा तर सगळ्यात दडवलेला भाग. ५ ग्रॅम सोड्यात साधारण १३७० मिलिग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने असं चूर्ण दिवसातून दोनदा घेतलं तर काय होईल ते पाहा. भरल्या पोटी सोडा घेतला की वायूने जठर ताणलं जातं आणि तीच झडप पुन्हा उघडते.

सगळ्यात निर्दय युक्ती पुढे आहे. ‘डॉक्टरांच्या गोळ्या आजच बंद करा.’ आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्या बरेच आठवडे घेऊन एकदम थांबवल्या, की काही काळ आम्ल आधीपेक्षा जास्त तयार होऊ शकतं. ती उसळी दाखवून म्हणतात, ‘बघा, गोळ्यांनी तुम्हाला गुलाम केलं होतं.’ माणूस घाबरून पुढचे डबे मागवतो. या गोळ्या कमी करायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून हळूहळू करतात.

‘पैसे परत’ची हमी नीट वाचा. कोर्स ९० दिवसांचा, परतीची मुदत ३० दिवसांची आणि डबी न उघडलेली हवी, अशा अटी तळाशी बारीक अक्षरात असतात. दरमहा आपोआप कापले जाणारे पैसे विक्रेत्याला विनंती करून थांबतील या भरवशावर राहू नका. बँकेला किंवा कार्ड देणाऱ्याला सांगून परवानगीच रद्द करा. डबी, बॅच क्रमांक, बिल आणि दाव्यांचे स्क्रीनशॉट फेकू नका, तक्रारीला तेच लागतात.

घरी जे उपयोगी पडतं त्यात विकण्यासारखं फारसं नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटरचे भक्कम ठोकळे द्या. उशा रचू नका, त्याने शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावर दाब वाढतो. जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा, पोटाशी घट्ट कपडे टाळा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने बराच फरक पडतो. पुदिन्याने मात्र झडप आणखी सैल पडू शकते.

घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं किंवा रक्त कमी होणं दिसलं, तर चूर्ण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, दुर्बिणीची तपासणी लागू शकते. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, किंवा घाम आणि हात-जबड्याकडे कळ घेऊन आलेलं छातीतलं दुखणं असेल, तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात.