तिशियन, बोत्तिचेल्ली, कोरेज्जो: तीन मेटल प्रिंट्स, एक पावसाळा काढल्यानंतर

मेटल प्रिंट घेताना बहुतेकजण आकारावर घोळ घालतात. माझं मत असं झालंय की आकार मागाहून ठरवा, आधी फिनिश (पृष्ठभाग चकचकीत म्हणजे ग्लॉसी, की बिनचकाकीचा म्हणजे मॅट) आणि बेस (चित्राखालचा पाया पांढरा, की धातूचाच म्हणजे सिल्व्हर) ठरवा. गेल्या हिवाळ्यात मी युरोपीय प्रबोधनकाळातल्या पुराणकथांची तीन चित्रं अ‍ॅल्युमिनियमवर छापून घेतली: तिशियनचं ‘बॅकस आणि आरियाडनी’, बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनसचा जन्म’ आणि कोरेज्जोचं ‘ज्युपिटर आणि आयो’. तिन्हींना फिनिश किंवा बेस मुद्दाम वेगवेगळा घेतला. घर रत्नागिरीत आहे, समुद्र जवळ, त्यामुळे खारी हवा आणि दमट भिंती या दोन्हींची परीक्षा आपोआपच झाली.

प्रिंट कशी बनते ते थोडक्यात सांगतो, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर पॉलिमरचा थर असतो. चित्र आधी ट्रान्सफर पेपरवर छापतात आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रेसमध्ये दाबतात. शाईची वाफ होते आणि ती त्या थरात मुरते. रंग पत्र्यावर बसलेला नसतो, थराच्या आत असतो, म्हणून पोपडे सुटत नाहीत. या पद्धतीत पांढरी शाई नसते. पांढऱ्या बेसवर पांढरा रंग बेसमधून मिळतो. सिल्व्हर बेसवर मात्र चित्रातला प्रत्येक उजळ भाग म्हणजे उघडा धातू.

तिशियन पांढऱ्या बेसवर, ग्लॉसी. हा निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. फेराराचा ड्यूक अल्फोन्सो देस्ते याच्यासाठी १५२० ते १५२३ च्या दरम्यान काढलेलं हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातलं निळं आकाश लाजवर्दी दगडापासून केलेल्या रंगाचं. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्हेनिसला पोचायचा, आणि त्या काळी याहून महाग रंग क्वचितच असेल. ग्लॉसी थराखाली ते निळं असं खोल उतरलंय की खोलीत शिरलं की नजर आधी तिथेच जाते. मद्याचा देव बॅकस रथातून उडी मारतोय, एक पाय अजून मागे, गुलाबी वस्त्र हवेत. रथाला दोन चित्ते जुंपलेले. आरियाडनीच्या डोक्यावर, डाव्या कोपऱ्यात, ताऱ्यांचं कडं. तिला नॅक्सॉस बेटावर टाकून निघून गेलेल्या थीसियसचं जहाज डाव्या कडेला क्षितिजावर आहे, अगदी नखाएवढं. ते शीड माझ्या प्रिंटमध्ये स्पष्ट दिसतं. मूळ फाइल चांगली असल्याची ही माझी खूण. ६० × ९० सेंटिमीटरच्या प्रिंटला १५० डीपीआय (म्हणजे एका इंचात १५० ठिपके) धरलं तरी सुमारे ३५०० × ५३०० पिक्सेल लागतात. विक्रेत्याकडून फाइलचे पिक्सेल विचारूनच ऑर्डर द्या.

ग्लॉसीची एक अट आहे: समोर खिडकी नको. माझ्या भिंतीला उजेड बाजूने येतो म्हणून निभावलं.

बोत्तिचेल्ली मॅट. व्हीनस हे तैलचित्र नाही, कापडावरचं टेम्पेरा (तेलाऐवजी अंड्यासारख्या बंधकात कालवलेले रंग) आहे, आणि टेम्पेराला तेलासारखी चकाकी नसते. समुद्रावरच्या त्या छोट्या छोट्या कोनाकार लाटा आणि व्हीनसच्या केसांची एकेक रेघ मॅटवर शांतपणे वाचता येते. मूळ चित्रात केसांवर खऱ्या सोन्याचे फराटे आहेत. प्रिंटमध्ये तिथे फक्त पिवळसर रंग येतो, आणि ही उणीव कुठल्याच फिनिशने भरून निघणार नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मूळ चित्र १७२.५ × २७८.५ सेंटिमीटर आहे, म्हणजे लांबी रुंदीच्या साधारण १.६ पट. बाजारातलं ठरावीक माप २:३ चं. त्यात चित्र बसवताना कडा कापतात, आणि कापलं जातं ते डावीकडचं पंखधारी वाऱ्यांचं जोडपं नाहीतर उजवीकडची झाडं. तिशियन तर जवळजवळ चौकोनी आहे, त्याला २:३ मध्ये घातलं तर वरचं आकाश किंवा खालचा भुंकणारा कुत्रा गेलाच. मी तिन्ही प्रिंट्स मूळ प्रमाणातच कापून घेतल्या. थोडे जास्त पैसे पडले, पण यात तडजोड करू नका.

कोरेज्जो सिल्व्हर बेसवर घेतलं. देवांचा राजा ज्युपिटर ढगाचं रूप घेऊन आयो या तरुणीला कवेत घेतो. धुक्यातून त्याचा चेहरा आणि पंजा जेमतेम उमटतो. संध्याकाळी दिवा लावला की तो राखाडी ढग आतून उजळल्यासारखा दिसतो, दुसऱ्या कुठल्या माध्यमात हे पाहिलं नाही. पण आयोच्या पाठीची त्वचा दिवसा शिशासारखी राखाडी दिसते. माणसाच्या अंगाची कांती ज्या चित्राचा प्राण आहे त्याला सिल्व्हर बेस देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात तिन्ही पत्रे जसेच्या तसे राहिले. त्याच भिंतीवर काचेच्या फ्रेममधल्या कागदी चित्राला बुरशी आली. मेटल प्रिंट मागच्या पट्ट्यांमुळे भिंतीपासून बोटभर सुटी राहते आणि मागून हवा खेळते, याचा मोठा फायदा. सोबत आलेले स्क्रू मात्र पहिल्याच सरींत गंजले आणि भिंतीवर तांबडे ओघळ आले. स्टेनलेस स्टीलचे लावून घेतले. एका पत्र्याचा कोपरा कुरिअरमध्ये वाकला होता, फोटो पाठवल्यावर बदलून मिळाला. पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं. कडा धारदार असतात, लहान मुलं असतील तर उंचावर लावा.

कॅनव्हास प्रिंटच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. कॅनव्हासचा पोत आणि कुंचल्याचे उंचवटे इथे मिळत नाहीत, पृष्ठभाग काचेसारखा सपाट असतो. पण धातूवर पुराणकथा ही कल्पना आजची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातले चित्रकार तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर तैलरंगात बारीक काम करत होते. योआकिम व्तेवाल या डच चित्रकाराचं युद्धदेव मार्स आणि व्हीनसला तिचा नवरा व्हल्कन पकडतो ते चित्र तसंच आहे, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात, जेमतेम २० × १५ सेंटिमीटरचं. पुढची ऑर्डर त्याची देणार आहे: मूळ आकारात, पांढऱ्या बेसवर, मॅट.