पॅनिक अटॅकवर सीबीटी : आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि वागण्यावर काम करणारी मानसोपचार पद्धत), सुरू करून आठ-नऊ महिने होत आले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, तिसऱ्यात जेमतेम दोन. आज चार देतो.

त्रास असा होता: फास्ट लोकलमध्ये छातीत धडधड, हाताला मुंग्या आणि हा हार्ट अटॅकच अशी खात्री. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. आईचा पहिला प्रश्न, "गोळ्या देणार का रे?" गोळ्या सायकियाट्रिस्ट देतात, ते एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकून आलेले, सहसा एम.फिल. केलेले, आणि त्यांची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी लागते. नुसती 'काउन्सेलर' अशी पाटी असेल तिथे सगळे प्रकार भेटतात. एका ठिकाणी मला दोन सेशनभर 'पॉझिटिव्ह विचार करा' एवढंच ऐकवलं गेलं. मग नोंदणी विचारूनच दुसरीकडे गेलो.

कोचावर आडवं होऊन बालपण सांगायचं, हे चित्र फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या पद्धतीत थेरपिस्ट सल्ला न देता, निवाडा न करता ऐकतो. सीबीटीवाल्यांना मात्र आत्ता डोक्यात काय चाललंय आणि त्यापायी तुम्ही काय टाळताय, यात जास्त रस. तिचे मूळपुरुष ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस, गंमत म्हणजे दोघेही मनोविश्लेषणातून बाहेर पडलेले. एलिसनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे कि. मो. फडक्यांमुळे बऱ्याच मराठी घरांत पोचली आहे. माझ्या थेरपिस्ट मॅडम बेक आणि एलिस दोघांचंही वापरतात.

खरा बदल घडला तो बोलण्याने नाही. एका सेशनला मॅडमनी मला मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. त्याच मुंग्या, तीच गरगर, तेही खुर्चीत बसल्या जागी! जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने हे होतं. मग त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं: धडधड, 'मी मरणार' हा अर्थ, भीती, अजून धडधड. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे मॉडेल. पुढे गृहपाठ: स्ट्रॉमधून श्वास, फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, जिने पळत चढणं. घरच्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय.

त्याहून अवघड होतं ते 'आधार' सोडणं. पाण्याची बाटली, दारापाशी उभं राहणं, खिशात कुणीही लिहून न दिलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयविकाराची गोळी. हे जवळ असेपर्यंत मन म्हणतं, बाटली होती म्हणून वाचलास. एकेक करत काढलं. आधी दुपारची स्लो, मग दुपारची फास्ट, शेवटी ठाण्याहून सकाळच्या गर्दीची. एकदा घाटकोपरच्या पुढे अटॅक आलाच. उतरलो नाही. दादर यायच्या आत ओसरला.

एक तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. विचारांची डायरी महाकंटाळवाणी आहे. प्रसंग, विचार, पुरावा असे रकाने भरताना ताळेबंद लिहितोय असं वाटायचं, आणि डायरी न भरता गेलं की सेशन फुकट जायचं. दुसरं, बाबांच्या जाण्याचं दुःख त्या रकान्यांत मावेना. तिथे खोडून काढण्यासारखा चुकीचा विचारच नव्हता. मॅडमनीही ते मान्य केलं आणि ती सेशन्स नुसती बोलण्यासाठी ठेवली.

खर्च: ५० मिनिटांचे १५०० रुपये, आधी दर आठवड्याला, आता महिन्यातून एकदा. माझ्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. हे परवडत नसेल तर मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मात्र दर आठवड्याच्या थेरपीची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.